पंखांतल्या टाकीत पेट्रोल शिल्लक, तरी मुख्य टाकीत येत नाही: घरी बांधलेल्या विमानातील इंधन ट्रान्सफरचा वारंवार होणारा बिघाड

तक्रार साधारणपणे अशी असते. विमान लो-विंग असते, म्हणजे पंख बॉडीच्या खालच्या बाजूला जोडलेले. इंजिनाला पेट्रोल देणारी मुख्य टाकी फ्यूजलाजमध्ये (विमानाच्या धडात), इन्स्ट्रुमेंट पॅनेलच्या पुढे असते आणि पल्ला वाढावा म्हणून दोन्ही पंखांच्या मुळाशी एकेक टाकी बसवलेली असते. पंखांतल्या टाक्यांच्या नळ्या एका टी-फिटिंगमध्ये (तीन तोंडांच्या जोडात) एकत्र येतात, तिथून पुढे एक इलेक्ट्रिक पंप असतो आणि तो पेट्रोल वर मुख्य टाकीत चढवतो. जमिनीवर स्विच दाबला की सगळे व्यवस्थित चालते. उड्डाणात मात्र काही वेळाने मुख्य टाकीची पातळी वाढायची थांबते, पंपाचा आवाज बदलतो आणि उतरल्यावर पाहावे तर एका पंखातली टाकी कोरडी, दुसरीत निम्म्याहून अधिक पेट्रोल. मालक पंप बदलतो, पुढची एक-दोन उड्डाणे नीट होतात आणि मग पुन्हा तेच सुरू होते.

केन रँड यांनी 1970च्या दशकात आराखडा केलेल्या केआर-2 या लाकूड, फोम आणि फायबरग्लासच्या विमानात ही रचना अनेक बांधणाऱ्यांनी केली आहे, म्हणून पुढचे सर्व विवेचन त्या प्रकारचे विमान डोळ्यांसमोर ठेवून केले आहे. इंजिन फोक्सवॅगनचे रूपांतरित असो वा दुसरे एखादे, क्रूझमध्ये, म्हणजे स्थिर वेगाच्या सरळ उड्डाणात, ताशी 15 ते 20 लीटर पेट्रोल पिणारे गृहीत धरले आहे. माझे ठाम मत असे आहे की या तक्रारीत पंप बहुतेक वेळा निर्दोष असतो. दोष दोन टाक्यांतल्या पेट्रोलच्या वर जी हवा असते तिच्या दाबात आणि त्या टी-फिटिंगमध्ये असतो, आणि तो जमिनीवर दिसत नाही, कारण जमिनीवर दोन्ही व्हेंटना (टाकीत बाहेरची हवा येऊ देणाऱ्या नळ्यांना) सारखीच, थांबलेली हवा मिळते.

आधी आकडे पाहू. पेट्रोलची घनता लीटरला सुमारे 0.72 किलो धरली तर 60 सेंटिमीटर उंचीच्या पेट्रोलच्या स्तंभाचा दाब सुमारे 4.2 किलोपास्कल, म्हणजे 0.6 पीएसआय (पाउंड प्रति चौरस इंच) होतो. पंखांतल्या टाकीतून मुख्य टाकीच्या तोंडापर्यंत पेट्रोल चढवायला एवढेच लागते आणि तीन-चार पीएसआय देणाऱ्या लहान सॉलेनॉइड (विद्युतचुंबकाने दट्ट्या हलवणाऱ्या) पंपाला हे काम जड नाही. आता हवेचा दाब पाहा. विमान सेकंदाला 60 मीटर, म्हणजे ताशी 216 किलोमीटर वेगाने जात असेल, तर समुद्रसपाटीच्या हवेत समोरून येणाऱ्या वाऱ्याचा गतिज दाब सुमारे 2.2 किलोपास्कल असतो. पेट्रोलच्या भाषेत सांगायचे तर तो 31 सेंटिमीटरचा स्तंभ आहे. डाव्या आणि उजव्या व्हेंटने या दाबाचा फक्त एक-तृतीयांश भाग कमी-जास्त पकडला, तरी दोन टाक्यांत 10 सेंटिमीटर पेट्रोलइतका फरक पडतो, आणि पंखात बसणारी टाकी मुळात तेवढीच खोल असते. म्हणजे व्हेंटच्या नळीचा कोन बाजूंना थोडा वेगळा असणे किंवा एका नळीचे तोंड प्रोपेलरच्या झोतात आणि दुसरीचे त्याबाहेर असणे एवढ्यानेही एका टाकीतले पेट्रोल आधी संपते. कमी दाबाची टाकी तोवर जवळपास तशीच राहते. फरक मोठा असेल तर टी-फिटिंगमधून तिच्यात उलट पेट्रोल येते.

हे एवढ्यावर थांबले असते तर फारसे बिघडले नसते, कारण एक टाकी आधी संपली तरी दुसरी नंतर उपयोगी पडली असती. खरी अडचण पहिली टाकी रिकामी झाल्यावर सुरू होते. टी-फिटिंगच्या एका फाट्यात आता हवा आणि दुसऱ्यात पेट्रोल आहे. पंप शोषत असतो आणि शोषणाला हवा पेट्रोलपेक्षा कितीतरी सोपी असते. त्यामुळे तो रिकाम्या टाकीतून हवाच ओढत राहतो. शेजारच्या टाकीत वीस लीटर पेट्रोल असूनही ते हलत नाही. हाय-विंग, म्हणजे पंख वर असलेल्या, विमानात हे असे होत नाही. सेस्ना 172 मध्ये सिलेक्टर (कोणत्या टाकीतून पेट्रोल घ्यायचे ते ठरवणारा व्हॉल्व्ह) दोन्ही टाक्यांवर ठेवला असता पातळ्या असमान उतरतात, हे तिच्या वैमानिकांना चांगले ठाऊक असते. तिथे बाहेरचे व्हेंट डाव्या पंखाच्या आधारदांड्यामागे असते आणि उजवी टाकी आडव्या नळीने डाव्या टाकीशी जोडलेली असते. पण तिथे पेट्रोल स्वतःच्या वजनाने खाली येते, त्यामुळे एक बाजू संपली तरी दुसरीकडचे पेट्रोल रिकाम्या नळीत चढून उभे राहते आणि हवा खाली येऊ देत नाही. लो-विंगमध्ये ही सोय नाही. पायपर चेरोकीसारख्या कारखान्यात बनलेल्या लो-विंग विमानांत सिलेक्टरवर डावी, उजवी आणि बंद एवढेच पर्याय असतात, त्याचे कारण हेच आहे. घरी बांधताना नळीची लांबी आणि एक पंप वाचवण्यासाठी टी-फिटिंग घातली जाते. माझ्या मते संपूर्ण विमानात एवढी महाग बचत दुसरी नसेल.

तपासणीला सुरुवात करण्यापूर्वी एक गोष्ट पक्की करावी. ट्रान्सफर पूर्ण बंद पडले तरी इंजिन केवळ मुख्य टाकीवर चालू राहिले पाहिजे आणि ती टाकी जवळच्या धावपट्टीपर्यंत पोहोचवण्याइतकी भरलेली असताना वैमानिकाला बिघाड कळला पाहिजे. ही अट पूर्ण होत नसेल तर बिघाड शोधण्यासाठी उड्डाण करू नये. जमिनीवरचे काम हँगरच्या बाहेर, उघड्यावर, विमान आणि पेट्रोलचा डबा दोन्ही एकमेकांना तारेने जोडून, अग्निशामक हाताशी ठेवून करावे.

पहिला सुगावा कानाला लागतो. सॉलेनॉइड पंप पेट्रोल ढकलत असताना जड, सावकाश टकटक करतो. हवा ओढू लागला की तीच टकटक हलकी आणि खूप जलद होते, आणि पुढची वाट बंद असेल तर जवळजवळ थांबते. इंजिनाच्या आवाजात हे ऐकू येत नाही, म्हणून उड्डाणात पंपाच्या बॉडीवर बोट ठेवता येईल अशी जागा असल्यास तिचा उपयोग करावा. जलद टकटक म्हणजे शोषणाच्या बाजूला हवा, मंद टकटक म्हणजे पुढे अडथळा: एवढ्या एका फरकाने निम्मी तपासणी वाचते. यानंतर उतरल्या उतरल्या, काहीही न हलवता, प्रत्येक टाकीचे झाकण हळू उघडावे. झाकण उघडताना हवा आत शिरण्याचा फुस्स असा आवाज आला तर त्या टाकीत पोकळी तयार झाली होती, म्हणजे तिचे व्हेंट बंद आहे. हवा बाहेर आली तर दाब साचला होता. दोन्ही बाजूंचे निरीक्षण लिहून ठेवावे, कारण दहा मिनिटांनी ते पुन्हा मिळणार नाही.

बंद व्हेंटचा परिणाम किती झपाट्याने होतो याची कल्पना अनेकांना नसते. टाकी काठोकाठ भरलेली असून वर जेमतेम एक लीटर हवा असेल, तर पेट्रोलच्या वाफेचा हातभार सोडून दिल्यास, पाव लीटर पेट्रोल बाहेर काढताच त्या हवेचा दाब पाचव्या भागाने घटतो. ही घट जवळपास तीन पीएसआयची, म्हणजे पंपाच्या सगळ्या ताकदीइतकी आहे. पंप थांबतो, किंवा टाकीची पातळ भिंत आत ओढली जाते आणि जोडाला चीर पडते. व्हेंट बंद होण्याची कारणे साधी असतात. कुंभारीण माशी विमान उभे असताना नळीच्या तोंडात मातीचे घर करते. नळीला मध्ये झोळ असेल तर त्या खोलगट भागात पेट्रोल साचून बुच बसल्यासारखे होते. टाकीच्या आत नळीचे तोंड सर्वांत उंच कोपऱ्यात नसेल तर पंखाच्या डायहेड्रलमुळे (टोकाकडे वर जाणाऱ्या कलामुळे) ते पेट्रोलखाली जाते. हे तिसरे कारण आराखड्यात सहज नजरेआड होते. टाकीचा बाहेरचा कोपरा उंच असतो, म्हणून व्हेंट तिथून निघाले पाहिजे, तर झाकण बसवायला सोपी जागा पंखाच्या मुळाशी असते आणि बांधणारा दोन्ही एकत्र बसवतो. नळी मोकळी आहे की नाही हे तोंडाने हळू फुंकून कळते. त्यासाठी कॉम्प्रेसर लावू नये.

व्हेंटनंतर वायरिंग. केआर-2 सारख्या लाकूड आणि फायबरग्लासच्या विमानात विजेला परत जायला धातूची बॉडी नसते, त्यामुळे प्रत्येक पंपाला स्वतःची अर्थ वायर लागते आणि ती बारीक किंवा सैल असेल तर पंपापर्यंत पुरेसा व्होल्टेज पोहोचत नाही. मीटर बॅटरीवर न लावता पंपाच्या दोन टोकांवर, पंप पेट्रोल ढकलत असताना लावावा. बॅटरीपेक्षा अर्ध्या व्होल्टहून अधिक कमी दिसले तर आधी तारा दुरुस्त कराव्यात. ही तपासणी पाच मिनिटांची आहे, आणि नवा पंप बसवताना जुने कनेक्शन आपोआप साफ होत असल्यामुळे पंप बदलल्यावर काही दिवस सगळे सुरळीत का चालते याचे उत्तरही पुष्कळदा इथेच मिळते.

मग प्रवाह मोजावा. मुख्य टाकीवरची नळी सोडून तिचे तोंड त्याच उंचीवर धरावे, खाली मापाचा डबा ठेवावा आणि एका मिनिटात किती पेट्रोल येते ते प्रत्येक पंखाच्या टाकीसाठी वेगवेगळे पाहावे. दुसरी बाजू त्या वेळी बंद असावी. शेपूट खाली करून, म्हणजे चढाईच्या कोनात, हीच चाचणी पुन्हा करावी आणि एकदा टाकी पूर्ण संपेपर्यंत चालवावी, म्हणजे न येणारे पेट्रोल किती ते कळते. अमेरिकेच्या लहान विमानांसाठीच्या भाग 23 च्या 2017 पूर्वीच्या नियमांत इंजिनाला जाणारा प्रवाह टेकऑफच्या खपाच्या तुलनेत गुरुत्वावर चालणाऱ्या रचनेत 150 टक्के आणि पंपाच्या रचनेत 125 टक्के असावा असे ठरवले होते. घरी बांधलेल्या विमानाला ते नियम बंधनकारक नाहीत, पण इंजिनाकडे जाणाऱ्या नळीसाठी त्यांच्याहून चांगली मोजपट्टी मला माहीत नाही. ट्रान्सफरसाठी क्रूझच्या खपाच्या दुप्पट, म्हणजे ताशी 30 ते 40 लीटर, पुरेसे आहे असे मी मानतो. मोठा पंप लावून फायदा होत नाही, उलट पुढे सांगितलेला धोका वाढतो.

दोन्ही बाजूंचा प्रवाह मोजल्यावर एक बाजू स्पष्टपणे कमी निघाली तर आधी टाकीच्या आतल्या जाळीकडे पाहावे. त्याच जुन्या नियमांत टाकीच्या तोंडावरची जाळी इंचाला 8 ते 16 भोकांची आणि तिचे एकूण उघडे क्षेत्रफळ नळीच्या क्षेत्रफळाच्या किमान पाच पट असावे असे म्हटले आहे. घरी बनवलेल्या टाकीत अनेकदा एक लहानशी बारीक जाळी थेट फिटिंगवर सोल्डर केलेली असते. ती फोमच्या भुग्याने किंवा रेझिनच्या पापुद्र्याने भरते, उतरल्यावर कचरा पुन्हा तळाला बसतो आणि जमिनीवरच्या चाचणीत काहीच सापडत नाही. टाकीत आतून ओतलेले सीलंट असेल तर हा संशय दुप्पट करावा. भारतातल्या वाचकांसाठी इथे आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे: पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये आता 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, आणि इथेनॉल काही जुनी सीलंट व काही इपॉक्सी मऊ करते, तसेच पाणी धरून ठेवते. असे पेट्रोल टाकीत घालण्यापूर्वी त्याच रेझिनचा तुकडा त्याच पेट्रोलच्या बरणीत काही आठवडे बुडवून ठेवून पाहावा आणि इंजिन बनवणाऱ्याने दिलेली इथेनॉलची मर्यादा वाचावी. रोटॅक्स 912 या इंजिनासाठी ती 10 टक्के आहे.

शोषणाच्या बाजूची गळती फसवी असते, कारण तिथून पेट्रोल बाहेर न गळता हवा आत जाते आणि जमिनीवर डाग पडत नाही. पंपाच्या आधी तात्पुरती पारदर्शक नळी लावून पंप चालवला की बुडबुड्यांची माळ दिसते. गळती कुठे आहे हे शोधायला टाकी वेगळी करून फक्त नळीत एक पीएसआय, म्हणजे पाण्याच्या मॅनोमीटरवर (दाब मोजणाऱ्या नळीवर) सुमारे 70 सेंटिमीटर, हवा भरावी आणि प्रत्येक जोडावर साबणाचे पाणी लावावे. टाकी तपासायची असेल तर ती रिकामी व कोरडी करून व्हेंटच्या तोंडाला फुगा बांधावा आणि फुगा जेमतेम ताठ होईल इतकीच हवा सोडावी. फुगा दुसऱ्या दिवशीही तसाच राहिला तर टाकी घट्ट आहे. सपाट भिंतींच्या टाकीवर याहून जास्त दाब टाकणे धोक्याचे आहे.

शोषणाच्या नळीत उष्णतेने वाफ होणे हे वेगळे कारण आहे. एव्हिएशन पेट्रोलचा बाष्पदाब 38 अंश सेल्सियसला 38 ते 49 किलोपास्कल असतो आणि मोटारीच्या पेट्रोलचा साधारणपणे त्याहून जास्त. दहा हजार फुटांवर बाहेरचा दाब 70 किलोपास्कलच्या आसपास उतरतो. दुपारच्या उन्हात तापलेले पेट्रोल, लांब शोषण-नळी, तीन-चार काटकोनी वळणे आणि अर्धवट भरलेला फिल्टर एकत्र आले की पंपाच्या तोंडाशी पेट्रोल उकळते. म्हणून पंप टाकीच्या जवळ आणि तळाच्या पातळीवर असावा, शोषणाची नळी पुढच्या नळीपेक्षा एका मापाने जाड असावी आणि बारीक फिल्टर पंपाच्या आधी न लावता पंपानंतर लावावा. तक्रार फक्त उन्हाळ्यात आणि फक्त उंचीवर येत असेल तर तपासणीची सुरुवात इथूनच करावी.

आता दुरुस्ती. टी-फिटिंग काढून प्रत्येक पंखाच्या टाकीला स्वतंत्र पंप द्यावा आणि दोन्ही पंपांच्या नळ्या मुख्य टाकीत वेगवेगळ्या तोंडांनी सोडाव्यात. पुढच्या बाजूला त्या एकत्र केल्या आणि चेक व्हॉल्व्ह (एकाच दिशेने वाहू देणारे) नसले, तर चालू पंप पेट्रोल मुख्य टाकीऐवजी बंद पंपातून दुसऱ्या पंखात ढकलू शकतो. दुसरा पंप नको असेल तर टी-फिटिंगच्या जागी डावी-उजवी-बंद असा तीन स्थितींचा सिलेक्टर चालतो, पण मग वैमानिकाला तो आठवणीने फिरवावा लागतो. मुख्य टाकीत नळी वरून, पेट्रोलच्या पातळीच्या वर उघडली पाहिजे. लो-विंगमध्ये मुख्य टाकी उंचावर आणि पंखांची टाकी खाली असते. नळीचे तोंड पेट्रोलात बुडालेले असेल आणि पंप बंद असताना वाट अडवणारा व्हॉल्व्ह त्यात नसेल, तर मुख्य टाकीतले पेट्रोल सायफनने उलट पंखांत जाते. इंजिनाचे पेट्रोल अशा रीतीने परत जाणे हे ट्रान्सफर न होण्यापेक्षा वाईट आहे. वरून सोडलेली नळी आणि चेक व्हॉल्व्ह दोन्ही असावेत, कारण व्हॉल्व्हमध्ये एक कण अडकला तरी तो उघडा राहतो.

मुख्य टाकी भरून वाहण्याचा विचार त्याच वेळी करावा. लहान सॉलेनॉइड पंप मोकळ्या तोंडाने ताशी शंभर लीटरच्या आसपास देतात. इंजिन वीस पीत असेल तर मिनिटाला सव्वा लीटरहून जास्त पेट्रोल टाकीत साचते आणि पंधरा लीटरची मोकळी जागा अकरा-बारा मिनिटांत भरते. स्विच विसरला तर जादा पेट्रोल व्हेंटमधून बाहेर जाते, आणि व्हेंट तेवढा प्रवाह सोडू शकत नसेल तर पंपाचा दाब टाकीच्या भिंतीवर येतो. तीन पीएसआय म्हणजे 30 गुणिले 35 सेंटिमीटरच्या सपाट भिंतीवर दोनशे किलोहून अधिक भार, आणि ही भिंत वैमानिकाच्या गुडघ्यांपुढे असते. त्यामुळे मुख्य टाकीपासून पंखांच्या टाकीकडे ओव्हरफ्लोची नळी न्यावी, ती भरण्याच्या नळीपेक्षा जाड असावी, आणि ज्या टाकीतून पेट्रोल येत आहे त्याच टाकीत ती परत जावी. ओव्हरफ्लो फक्त डाव्या टाकीत जात असेल आणि उजवा पंप चालू असेल, तर भरलेली डावी टाकी बाहेर वाहू लागते. दोन पंप एकाच वेळी चालू न ठेवण्याचे हेही एक कारण आहे. शिवाय मुख्य टाकीत वरच्या पातळीवर पंप बंद करणारा फ्लोट स्विच आणि खालच्या पातळीवर लाल दिवा लावणारा दुसरा स्विच असावा. ट्रान्सफर थांबल्याचे उशिरात उशिरा या लाल दिव्याने तरी कळलेच पाहिजे; पंपाच्या चालू दिव्याने ते कळत नाही, कारण हवा ओढणारा पंपही चालूच असतो.

स्विच आणि सिलेक्टर कुठे बसवायचे हा प्रश्न शेवटी उरतो आणि तो घाईने सोडवला जातो. 12 ऑक्टोबर 1997 रोजी कॅलिफोर्नियात पॅसिफिक ग्रोव्हजवळ समुद्रात पडलेल्या लाँग-ईझेड विमानात गायक जॉन डेन्व्हर होते. त्या विमानाच्या बांधणाऱ्याने इंधन सिलेक्टरचा दांडा मूळ आराखड्यातल्या जागी न ठेवता वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागे नेला होता आणि त्यावर खुणा नव्हत्या. अमेरिकेच्या एनटीएसबी या अपघात-तपास संस्थेने दांडा फिरवताना वैमानिकाचे लक्ष विचलित होणे आणि नकळत उजवे रडर (शेपटीचे सुकाणू) दाबले जाणे हे कारण मांडले, आणि दांड्याची जागा व खुणा नसलेले इंधन-मापक यांचाही त्यात उल्लेख केला. ट्रान्सफरचे स्विच म्हणूनच पॅनेलवर, पट्टा घट्ट असताना आणि मान न वळवता हात पोहोचेल अशा जागी, डावीकडचा डाव्या टाकीचा व उजवीकडचा उजव्या टाकीचा, असे असावेत. दोन्ही टाक्यांची पातळी दाखवणाऱ्या काचेच्या नळ्यांवर लीटरच्या रेषा, विमान उड्डाणाच्या कोनात उभे करून, टाकीत मोजून पेट्रोल ओतत आखाव्यात.

व्हेंटची तोंडे आता दोन्ही बाजूंना सारख्या जागी, सारख्या उंचीवर आणि पुढे 45 अंशांत कापलेली ठेवावीत आणि पहिले चाचणी-उड्डाण विमानतळाच्या वरच, मुख्य टाकी निम्म्याहून अधिक भरलेली असताना करावे. पंप बंद ठेवून दहा मिनिटे सरळ उडावे आणि मग पंखांतल्या दोन्ही पातळ्या पाहाव्यात: टी-फिटिंग गेल्यावर त्या हलता कामा नयेत. नंतर डावा पंप दहा मिनिटे, उजवा दहा मिनिटे, आणि प्रत्येक वेळी किती लीटर हलले ते जमिनीवरच्या आकड्याशी ताडून पाहावे. उड्डाणातला आकडा जमिनीपेक्षा दहाव्या भागाहून अधिक कमी आला तर त्या बाजूच्या व्हेंटच्या नळीला, टाकीजवळ, टी जोडून लहानसा मॅनोमीटर किंवा एअरस्पीड इंडिकेटर लावावा आणि त्याच वेगाने पुन्हा उडून टाकीत खरोखर किती दाब आहे ते वाचावे.